चांदीच्या गावात फेड कटिंग

हुपरी म्हटले की चांदी, हे कोल्हापूर जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक असते. लग्न ठरले की जोडवी, पैंजण आणि तोरड्यांची चौकशी हुपरीला जाते. बाळाच्या पायातले वाळे असोत की नवरीच्या कमरेचा पट्टा, त्यावर कधी ना कधी हुपरीच्या कारागिराचा हात फिरलेला असतो. माल देशभर जातो, पण तो घडतो कुठे, हे घालणाऱ्याला सहसा माहीत नसते.

गाव हातकणंगले तालुक्यात आहे. कोल्हापुरातून निघालेली गाडी उचगाव, पट्टणकोडोली करीत हुपरीला येते. पट्टणकोडोली म्हणजे विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेचे गाव. तिथे जत्रेत भंडाऱ्याची एवढी उधळण होते की रस्तासुद्धा पिवळा होतो. हुपरीच्या एका अंगाला इचलकरंजीचे माग, दुसऱ्या अंगाला कागलची औद्योगिक वसाहत आणि दक्षिणेला थोडे पुढे गेले की कर्नाटकची हद्द. मधे सगळा ऊस. जवाहर साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रस्त्याने ट्रॅक्टरच्या मागे चालत जावे लागते.

आम्ही चौघे गेलो होतो ते घरातल्या एका लग्नासाठी जोडवी-पैंजण घ्यायला. सोबत आमचे एक वडीलधारे आबा होते, वय पंच्याहत्तरच्या पुढे. आणि एक पुतण्या, नुकताच अकरावीला गेलेला. आबांना चांदी बघायची होती. पुतण्याला मात्र केस कापून घ्यायचे होते. लग्नाआधी फेड मारायचा, हे त्याने घरातूनच ठरवून आणले होते. त्यामुळे आमचा अर्धा दिवस चांदीच्या कारखान्यात गेला आणि अर्धा दिवस सलूनमध्ये. दोन्हीकडे जे पाहिले, ऐकले, ते वाचकांच्या घरातल्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांनाही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

न दिसणारा सांधा

हुपरीत कारखाना म्हणजे मोठी चिमणी आणि भोंगा असे नसते. घराच्या पुढच्या खोलीत भट्टी, मागच्या खोलीत संसार. मुशीत चांदी आटते, तिची पट्टी होते, तार ओढली जाते, तारेच्या कड्या होतात. कडीत कडी गुंतवायची, झाळायची, घुंगरू बसवायचे, मग धुऊन पॉलिश करायचे. एका पैंजणावर चार-पाच घरांचा हात लागतो. कड्या जोडण्याचे काम कितीतरी घरांत बायका करतात, चुलीवर भात ठेवून. आता यंत्रावरचे काम पुष्कळ वाढले आहे आणि हाताच्या कामाची मजुरी त्या मानाने वाढलेली नाही, हे दुखणे तिथे ज्याला विचारावे तो सांगतो.

एका कारागिराने आम्हांला पैंजण हातात देऊन विचारले, "सांधा कुठं आहे, दाखवा बघू." आम्ही उलटून-पालटून पाहिले, बोट फिरवले. सांधा सापडला नाही. तो म्हणाला, "सापडला असता तर काम कच्चं म्हणायचं."

हे वाक्य ध्यानात ठेवा. फेड म्हणजे काय, हे समजायला पुढे ते उपयोगी पडणार आहे.

"फेड मारा" म्हणजे नेमके काय मारा?

दुपारी आम्ही एका सलूनमध्ये शिरलो. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, आरशाला क्रिकेटपटूंचे फोटो चिकटवलेले. मालक चाळिशीचा. पुतण्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मामा, फेड मारा."

मालकाने विचारले, "कुठला मारू? लो का मिड? खाली झिरो का एक नंबर? वर किती ठेवू? जोडून घेऊ का तोडून? मागनं मान गोल का चौकोनी?"

पुतण्या गप्प. त्याला फोटोतल्यासारखे पाहिजे होते, एवढेच ठाऊक होते. मालक हसला. म्हणाला, "रोज धा पोरं येत्यात, धाच्या धा फक्त फेड म्हणत्यात. मग मला वाटंल तसं मारतो, आन् घरला जाऊन रडत्यात." मग गिऱ्हाईक कमी होते म्हणून की काय, त्याने आम्हां सगळ्यांनाच नीट समजावून सांगितले. त्याने सांगितलेले आणि आम्हांला माहीत असलेले मिळून येथे देतो.

फेड या इंग्रजी शब्दाचा अर्थ फिका होत जाणे, विरत जाणे. डोक्याच्या बाजूला आणि मागे केस खाली अगदी बारीक असतात आणि वर जाताना हळूहळू वाढत वरच्या मोठ्या केसांना मिळतात. कातडीचा रंग कुठे संपला आणि केसांचा काळेपणा कुठे सुरू झाला, हे बोट ठेवून दाखवता येऊ नये. चांदीच्या सांध्यासारखेच हे. मधे पट्टा दिसला, पायरी दिसली, तर काम कच्चे.

हे घडते मशीनच्या नंबरांवर. मशीनच्या पात्यावर प्लॅस्टिकचा कंगवा चढवतात, त्याला नंबर असतो. एक नंबर लावला तर साधारण तीन मिलिमीटर केस राहतात. दोन नंबरला सहा, तीन नंबरला दहा, चार नंबरला तेरा मिलिमीटरच्या आसपास. अर्धा नंबर म्हणजे दीड मिलिमीटर. कंगवा न लावता मशीन फिरवले की तो झिरो. म्हणजे नंबर जितका मोठा, तितके केस जास्त राहतात. पुष्कळांचा येथे उलटा समज असतो. चार नंबर म्हणजे जास्त बारीक असे समजून ते मागतात आणि मग कापलेच नाहीत म्हणून तक्रार करतात.

कारागीर आधी खाली एक रेघ पाडतो. त्या रेघेखाली झिरो किंवा अर्धा. तिच्यावर बोटभर पट्टा एक नंबरने, त्याच्यावर दोनने. आता दोन पट्ट्यांच्या मधे रेघ दिसते. ती घालवणे हेच खरे काम. मशीनच्या कडेला एक खटका असतो. तो खाली-वर केला की पाते अर्ध्या नंबराने उघडते किंवा मिटते. खटका सरकवत, मनगट बाहेरच्या बाजूला उचलत, रेघ पुसत जायची. शेवटी वरचे केस कंगव्यावर घेऊन कात्रीने मिळवून घ्यायचे. घाई केली की रेघ राहते. आमच्या पुतण्याच्या डोक्यावर मालकाने पाऊण तास घालवला. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ रेघा पुसण्यातच गेला.

कुठला फेड कुणाला

लो फेड कानाच्या वरच्या कडेपासून बोट-दीड बोट वर संपतो. तो साधा, सोबर दिसतो. शाळा-कॉलेज, कचेरी, मुलाखत, सगळीकडे चालतो. मिड फेड कानशिलाच्या मध्यापर्यंत चढतो. हाय फेड कानशिलाच्याही वर, जिथे डोके वळायला लागते तिथपर्यंत. हाय फेडला डोक्याचा सगळा आकार उघडा पडतो. मागे डोके चपटे असेल, जुन्या जखमेचा वण असेल, तर ते दिसणार हे धरून चालावे.

स्किन फेड म्हणजे खाली अगदी कातडीपर्यंत. त्यासाठी झिरोनंतर बारीक मशीन किंवा वस्तरा फिरवतात. टेपर म्हणजे फक्त कल्ल्यांजवळ आणि मानेवर बारीक करायचे, बाकी बाजू तशाच भरलेल्या ठेवायच्या. ज्याला फेड हवा पण आईबापांना तो पसंत नाही, त्याने टेपरपासून सुरुवात करावी. ड्रॉप फेड कानामागे खाली उतरतो. बर्स्ट फेड कानाभोवती अर्धगोल पडतो. आणि अंडरकट हा फेडच नव्हे. त्यात बाजूला सगळीकडे एकच नंबर मारतात आणि वरचे केस त्यावर तोडून सोडतात. मालकाने "जोडून का तोडून" विचारले, त्याचा अर्थ हाच होता.

तेव्हा खुर्चीत बसल्यावर पाच गोष्टी सांगाव्यात. पहिली, कुठपर्यंत चढवायचे: लो, मिड की हाय. दुसरी, सर्वांत खाली किती: झिरो, अर्धा की एक. तिसरी, वर किती ठेवायचे. ते बोटांनी दाखवावे, दोन बोटे की तीन बोटे. "थोडे ठेवा" म्हणू नये, कारण थोडे हे प्रत्येकाचे वेगळे असते. चौथी, जोडून की तोडून. पाचवी, मान आणि कल्ले कसे हवेत. ही पाच वाक्ये अशी होतील: "मामा, लो फेड करा. खाली एक नंबर ठेवा, झिरो नको. वर तीन बोटं ठेवा. कात्रीनं जोडून घ्या. मान गोल ठेवा, कल्ले सरळ."

मोबाइलमधला फोटो दाखवायला हरकत नाही. पण तो आपल्यासारख्या केसांच्या माणसाचा असावा. सरळ राठ केसांवर कुरळ्या केसांचा फेड तसाच उतरत नाही. फोटो समोरून एक असतो, तसा बाजूने आणि मागूनही असावा, कारण फेड मागेच असतो. डोक्यावर भोवरा कुठे आहे, हे आधी सांगावे. भोवऱ्याजवळ फार बारीक केले की केस उभे राहतात. आणि पहिल्या खेपेला नेहमी लो मागावा. लोचा मिड पाच मिनिटांत होतो, पण हायचा लो व्हायला महिना लागतो.

आता खर्चाचे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे आठवड्याभरात झिरोचा एक नंबर होऊ लागतो. दोन-तीन आठवड्यांत फेड विरून जातो. ज्याला तो कायम नवा दिसायला हवा, त्याला महिन्यातून दोनदा खुर्चीत बसावे लागते. घरात कमावणारा एक आणि पोरे तीन असतील तर हा हिशेब आधी करावा. लो फेड आणि खाली एक नंबर असेल तर तो वाढतानाही बरा दिसतो, महिनाभर निभतो. स्किन फेडचे तसे नाही.

आणि एक काळजीची गोष्ट. वस्तऱ्याला प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते घातलेले आपल्या डोळ्यांनी पाहावे. कावीळ ब, एच.आय.व्ही. यांसारखे रोग रक्तातून पसरतात आणि झिरो मारताना कातडी खरचटू शकते. मशीनचे पाते आणि कंगवे पुसून, औषध मारून घेतलेले असावेत. नाहीतर गजकर्ण एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाते. मानेला लावायचे कापड स्वच्छ मागावे. हुपरीच्या त्या मालकाने न सांगता नवे पाते फोडले, तेव्हा आबांनी मान डोलावली.

हा फेड आला कुठून?

बाजू बारीक, वर थोडे मोठे, ही मूळची लष्करी पद्धत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर अमेरिकेच्या सैन्यात ती रुळली. तेव्हा विजेचे मशीन हाताशी आले होते. अमेरिकेतल्या लिओ वाल यांनी १९१९ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२१ मध्ये स्वतःची कंपनी काढली. पण फेडला आजचे रूप दिले ते अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांतल्या सलूनवाल्यांनी. कुरळ्या दाट केसांवर असा विरत जाणारा काप काढणे ही त्यांची खास विद्या. १९८० च्या दशकात तिथल्या गाणाऱ्या पोरांनी वर उंच चौकोनी आणि बाजूला विरलेला असा काप प्रसिद्ध केला. दूरचित्रवाणीवरून, खेळाडूंच्या डोक्यावरून तो जगभर गेला आणि आज हुपरीच्या आरशातही आला.

त्या सलूनची आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांना ठाऊक असावी. गुलामगिरी गेल्यावरही कितीतरी वर्षे अमेरिकेत काळे न्हावी असे होते की जे फक्त गोऱ्यांचे केस कापीत. त्यांच्याच खुर्चीत त्यांच्याच जातभाईला बसता येत नसे. अटलांटा शहरातले ॲलोन्झो हर्नडन हे १८५८ मध्ये गुलामीत जन्मले, पुढे मोठ्या सलूनचे मालक झाले, १९०५ मध्ये विमा कंपनी काढली. पण त्यांचे सलून गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी होते. एक काळा माणूस खुर्चीत बसला असता तर गोरी गिऱ्हाइके उठून गेली असती. न्हाव्याच्या हातात कात्री होती, पण कुणाच्या डोक्यावर चालवायची हे ठरवणारे दुसरेच होते. म्हणून काळ्या माणसांनी आपल्या वस्तीत आपली सलूने काढली. तिथे वर्तमानपत्रे वाचली गेली, चळवळीच्या गोष्टी झाल्या आणि तिथेच हा फेडही पुढे घडला.

आबांनी सांगितलेले

पुतण्याच्या मानेवर मशीन फिरत होते तेव्हा आबा बाकावर बसून आरशात बघत होते. आम्ही म्हटले, "आबा, तुम्ही पण घ्या कापून." ते म्हणाले, "घेतो की. माझ्या लहानपणी खुर्ची न्हवती आपल्याला."

आबांचे बालपण याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. गावचा न्हावी सगळ्या गावाची दाढी-डोई करी, सुगीला बलुते नेई. पण वाड्याकडे त्याची धोपटी येत नसे. म्हशी भादरायला तो जाई, माणसाच्या डोक्याला मात्र हात लावीत नसे. वाड्यातलाच एक चुलता कात्री शिकलेला होता. रविवारी झाडाखाली पोरांना ओळीने बसवून तो सगळ्यांचे एकसारखे भादरी. "कसं पाहिजे असं कुणी इचारलंच न्हाई रं कवा," आबा म्हणाले. "कापून मिळालं, हेच लई."

हे एकट्या आबांच्या गावाचे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते आणि त्यांचे पैसे देण्याची घरची ऐपतही होती. तरी एकही न्हावी अस्पृश्याचे केस कापायला तयार नसल्यामुळे त्यांच्या थोरल्या बहिणीला भावांचे केस कापावे लागत. ज्या मुलाचे केस बहिणीने घरात कापले, तो पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकला. ते विद्यापीठ हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीला लागूनच आहे. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्यांच्या व आपल्या प्रश्नातले साम्य दाखवले.

हुपरीच्या तालुक्यातच माणगाव आहे. तिथे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. राजर्षी शाहू महाराज स्वतः आले आणि हा तुमचा पुढारी आहे, असे त्यांनी लोकांना सांगितले. याच महाराजांनी कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि तिथे जाऊन सर्वांसमक्ष चहा घेतला. चहाचा कप काय किंवा कटिंगची खुर्ची काय, दोन्ही ठिकाणी माणसाला माणसाचा स्पर्श होतो. म्हणूनच तिथे अडवणूक झाली आणि तिथेच ती मोडावी लागली.

पुढे घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी दुकान या शब्दाचा अर्थ काय, असा प्रश्न निघाला. जिथे मालक येईल त्याला आपली सेवा द्यायला तयार असतो ते दुकान, असा व्यापक अर्थ बाबासाहेबांनी स्पष्ट केला. आज तो घटनेच्या १५ व्या कलमात आहे. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात तर दुकानाच्या व्याख्येत केशकर्तनालय हा शब्द नाव घेऊन घातला गेला. त्याच कायद्याचे नाव १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली. जबरदस्तीने मुंडण करणे, मिशी काढणे हा तिच्यात स्वतंत्र गुन्हा लिहिला गेला. डोक्यावरच्या केसालाही कायद्याने राखावे लागते, असा आपला देश.

हे सगळे संपले असेही नाही. २०२० मध्ये कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातल्या नंजनगूड तालुक्यात एका न्हाव्याने दलितांचे केस कापले, म्हणून गावातल्या लोकांनी त्यालाच दंड ठोकला आणि वाळीत टाकले. अटलांटात जे होते तेच येथे. म्हणून न्हाव्याकडे बोट दाखवून भागत नाही. तोही बलुतेदार. सुगीला पसाभर धान्यासाठी दारोदार उभा राहिलेला. त्याच समाजातले शिवा काशीद १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवाजी महाराजांच्या वेषात पालखीत बसले आणि प्राणाला मुकले. १८९० च्या सुमारास मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार देऊन संप केला. हाताने काय करायचे आणि काय करायचे नाही, हे त्या दिवशी त्यांनी स्वतः ठरवले. त्याचे मोल आपल्यापेक्षा जास्त कोण जाणणार?

घरात एवढे करावे

पुतण्याचे झाल्यावर आबा खुर्चीत बसले. मालकाने कापड झटकून त्यांच्या गळ्याभोवती बांधले आणि विचारले, "आबा, कसं करू?"

आबांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "बाजूला दोन नंबर. वर कात्रीनं बारीक. कल्ले सरळ. मिशीला हात लावू नका."

चार वाक्यांत मागणी पूर्ण झाली. पुतण्याने मोबाइलवरून मान वर केली. पाऊण तास ऐकून आबा सगळे शिकले होते.

फेडवरून आज कितीतरी घरांत बाप-लेकाची भांडणे होतात. बाप म्हणतो, ही काय थेरं, डोकं का भादरल्यागत. लेक म्हणतो, सगळे मारतात. आमचे म्हणणे असे, की बापाने चेष्टा करू नये. ज्याच्या आज्याला कसे पाहिजे असे कुणी विचारले नाही, त्याच्या नातवाने आरशासमोर बसून मला असे हवे म्हणावे, ही वाईट गोष्ट नाही. आणि लेकानेही नुसते "फेड मारा" म्हणून डोळे मिटू नयेत. काय मागतो आहोत, ते नीट समजून, मोजून, स्पष्ट शब्दांत मागावे. शाळेचा नियम काय आहे, महिन्याला किती पैसे जातील, भरतीची तयारी करीत असेल तर तिथे काय चालते, हे आधी बघावे. खुर्चीत स्पष्ट बोलायला शिकलेला मुलगा उद्या बँकेच्या खिडकीपाशी, दवाखान्यात, मुलाखतीतही स्पष्ट बोलेल.

कुठे कुणी खुर्ची नाकारली तर भांडण न वाढवता साक्षीदाराचे नाव, तारीख, वेळ लिहून घ्यावी आणि पोलीस ठाण्यात रीतसर तक्रार द्यावी. कायदा आपल्या बाजूचा आहे. तो सांगता आला पाहिजे.

ज्या पोरांना अभ्यासात गती नाही पण हातात कला आहे, त्यांनी हे कामही शिकावे. जातीचा धंदा म्हणून त्याकडे पाहायचे दिवस गेले. चांगली फेड मारणाऱ्याला शहरात मागणी आहे. मशीन, कात्री, कंगवा आणि वर्षभराची चिकाटी एवढे भांडवल पुरे. २०२० च्या टाळेबंदीत तीन महिने सलूने बंद होती. तेव्हा कितीतरी घरांत आयांनी आणि बहिणींनी पोरांचे केस कापले. त्यांतल्या काहींचा हात चांगला बसला असेल. त्यांनीही मागे राहू नये.

हुपरीला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. चांदी घेताना टंच विचारून, वजन समोर करून, पावती घेऊनच घ्यावी. मजुरी वेगळी लिहून मागावी. लग्नसराईत गर्दी असते, म्हणून महिनाभर आधी जावे. सोबत घरातले पोर असेल आणि त्याला केस कापायचे असतील तर दुपारची वेळ बरी, तेव्हा कारागिराला सवड असते. पाच गोष्टी त्याला आधी पाठ करून घ्यायला सांगा आणि तो बोलेल तेव्हा तुम्ही मधे बोलू नका.